फौजदाराचा डावा कान

मला मांजरांची भीती वाटते. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहे, आणि लिहितानासुद्धा एकदा टेबलाखाली बघून घेतलं. कारण विचारू नका. कुणाला उंचीची भीती वाटते, कुणाला सासऱ्यांची. मला मांजरांची वाटते, एवढंच.

यातली गंमत अशी, की माझ्या पेशात लोक मला घाबरतात. मी वजनमापे निरीक्षक आहे. मी दुकानात शिरलो की काट्यापाशी उभा असलेला माणूस आधी घाम पुसतो आणि मग नमस्कार करतो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाकडून गोळ्या-चॉकलेटसुद्धा घेतलेलं नाही. ही फुशारकी नव्हे. पुढे जे सांगायचं आहे त्याची लाज केवढी मोठी आहे, ते कळावं म्हणून सांगतो. ज्या माणसाने कधी लाच घेतली नाही, तो रोज सकाळी आठ चाळीसला एका मांजराला लाच देत होता. सलग सहा वर्षं.

आमच्या इमारतीच्या मागे वाहनांची शेड आहे. शेडमध्ये माझी स्कूटर असते आणि स्कूटरच्या सीटवर फौजदार असायचा. फौजदार म्हणजे राखाडी रंगाचा बोका. डोकं माझ्या दोन किलोच्या वजनाएवढं, उजव्या भुवईवर जुनी खोक, आणि समोरच्या माणसाकडे पायांपासून वर बघत जायची सवय. हे नाव त्याला कुणी दिलं माहीत नाही, पण बदलावंसं कुणाला वाटलं नाही. पहिल्या दिवशी मी त्याला "हट्" म्हणालो. मोठ्याने नाही, त्याला राग येणार नाही इतपतच. त्याने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. आवाज काढला नाही, नुसतं उघडलं. माझी बोबडी वळली. पिशवीत डबा होता, डब्यात बायकोने चार वाजताच्या चहाबरोबर खायला दिलेला केकचा तुकडा होता. तो मी भिंतीकडे फेकला. फौजदार खाली उतरला, मी स्कूटर काढली आणि किक न मारता शंभर पावलं ढकलत नेली. दुसऱ्या दिवशी तो सीटवर बसून वाट बघत होता. तेव्हापासून हा व्यवहार सुरू झाला.

संध्याकाळी बायको विचारायची, "केक कसा होता?" मी म्हणायचो, "छान होता." मग ती पुन्हा बुधवारी आणि रविवारी केक करायची, साधा, मऊ, वर काही नसलेला. तो केक मी सहा वर्षांत एकदाही खाल्ला नव्हता. पण याला मी मांजराला खायला घालणं असं कधी म्हटलं नाही. रस्त्याने जाताना पथकर भरावा लागतो, तसं हे. पथकर भरणाऱ्याला कुणी दानशूर म्हणत नाही.

तर त्या महिन्याच्या सुरुवातीला इमारतीची सभा झाली. विषय एकच, मांजरं. आमचे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहतात. कुठल्याशा खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले आहेत, पण ते खात्याला कळलं असलं तरी त्यांना अजून कळलेलं नाही. त्यांच्या गाडीच्या कव्हरवर एका मांजरीने चार पिल्लं घातली होती. त्याआधी दंतवैद्यांच्या बाल्कनीत तीन झाली होती. अध्यक्ष म्हणाले, "माझ्या ओळखीत एक माणूस आहे. पोती घेऊन येतो. सगळी एका खेपेत नेतो आणि लांब सोडतो. ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत."

माझा हात अर्ध्यावर गेलासुद्धा होता. मांजरं जाणार याहून चांगली बातमी माझ्यासाठी कोणती असणार? पण धंद्याची सवय वाईट. आकडा नसलेलं माप कानावर पडलं की माझं तोंड आपोआप उघडतं. मी विचारलं, "लांब म्हणजे किती?"

अध्यक्ष म्हणाले, "लांब म्हणजे लांब."

"ते ठीक आहे. पण किती किलोमीटर? आणि सोडतो ते कुठे?"

अध्यक्षांनी कागद चाळले. दंतवैद्यांनी चष्मा पुसायला घेतला. ती पोती कुठे उघडतात, किंबहुना उघडतात की नाही, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं, हे तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. माझ्याही. मला मांजरं नको होती, पण अशी नको होती.

तळमजल्यावरच्या काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांचं वय पंच्याहत्तर, आणि इमारतीत मला 'अरे' म्हणणाऱ्या त्या एकट्याच. "बघा, इतक्या माणसांत याला एकट्याला मुक्या जिवांचा कळवळा आहे. अरे, तूच घे बाबा मनावर. त्यांची ऑपरेशनं करतात म्हणे, पिल्लं होऊ नयेत म्हणून. करतात आणि परत आणून सोडतात."

"माझा तसा कळवळा वगैरे..." मी सुरुवात केली. पण टाळ्या वाजल्या होत्या. बायको तर माझ्याकडे अशी बघत होती, की लग्नानंतर पहिल्यांदाच माझी ओळख पटते आहे.

अध्यक्षांनी ठराव लिहून घेतला. इमारतीत मांजरं, वाढलेली पिल्लं धरून, अकरा. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत अकराच्या अकरा मांजरांची ऑपरेशनं व्हावीत. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक डॉक्टर भूल उतरायच्या आत कापतात, म्हणजे लांबूनही ओळखू येतं. रविवारी अध्यक्ष स्वतः दुर्बिणीतून कान मोजतील. एक जरी अख्खा कान दिसला किंवा एकही कमी भरला, तर पोतीवाला. सर्व जबाबदारी निरीक्षकसाहेबांची. त्या रात्री मला अकरा मांजरं माझ्या छातीवर रांगेने बसलेली दिसली, आणि ती मोजायचं काम माझ्याकडे होतं.

पिंजरे आणले पिंजरेताईंकडून. त्या शिवणकाम करतात. गच्चीत सहा पिंजरे ठेवले आहेत आणि गावभरची मांजरं त्या असंच धरून, ऑपरेशन करून, परत सोडतात. त्यांनी मला सगळं समजावलं. पिंजऱ्याच्या टोकाला खाणं ठेवायचं, मांजर आत शिरलं की मधल्या पट्टीवर पाय पडतो आणि मागचं दार खाली येतं. "पण दादा, मुख्य गोष्ट एक. आदल्या दिवशी कुणी काही खायला घालायचं नाही. भुकेलं असेल तरच मांजर आत जातं." मी मान डोलावली आणि दार पडताना आवाज किती होतो ते विचारलं. त्यांनी पाडून दाखवलं. मी खुर्चीवर चढलो होतो, हे मला त्या हसल्यावर कळलं.

मी जिन्यात सूचना लावली. 'आजपासून कोणीही मांजरांना कोणत्याही स्वरूपात अन्न देऊ नये. हुकुमावरून.' खाली माझी सही. सूचना लावून खाली उतरलो, आठ चाळीसला फौजदाराला केक दिला आणि कामावर गेलो. त्यात काही विसंगत आहे असं मला अजिबात वाटलं नाही. सांगतो ना, पथकर.

पहिल्या आठवड्यात एकही मांजर सापडलं नाही. पिंजऱ्यात मासे ठेवले, ती येऊन वास घ्यायची आणि सावकाश निघून जायची, लग्नातून जेवून निघालेल्या पाहुण्यांच्या चालीने. पिंजरेताई म्हणाल्या, "पोटं भरलेली आहेत यांची. तुमच्याकडे कुणीतरी घालतंय."

मग मी तपासणी केली. तपासणी मला येते. मापात खोट असलेला माणूस विचारलं नसताना खुलासा देतो. दार वाजवलं तर काकू म्हणाल्या, "मी नाही रे घालत. मी फक्त उरलेलं ठेवते. उरलेलं म्हणजे काय घालणं झालं?" त्या दिवशी त्यांच्याकडे उरलेलं पातेलंभर होतं. दंतवैद्य म्हणाले, "थोडं दूध. दातांसाठी." कुणाच्या दातांसाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि सकाळी सहा वाजता मला शेडच्या पलीकडच्या भिंतीपाशी ड्रेसिंग गाऊन घातलेले अध्यक्ष सापडले. हातात माशांची डोकी.

"हे खायला घालणं नव्हे," ते म्हणाले. "ती माझ्या गाडीपासून लांब राहावीत म्हणून हे इथे ठेवतो. प्रतिबंधक उपाय."

मी त्यांना तिथेच सुनावलं. अध्यक्षांना सुनावायची संधी आयुष्यात एकदाच येते. म्हणालो, "साहेब, प्रेमाने दिलं काय आणि धास्तीने दिलं काय, पोटात जाऊन ते सारखंच वजन भरतं. तुमच्यासारख्यांनीच नियम मोडला तर कुणाकडे बघायचं?" अध्यक्षांनी मान खाली घातली. मी ताठ मानेने घरी आलो, डबा घेतला आणि आठ चाळीसला केक टाकला.

त्यानंतर दहा दिवस इमारतीत खरंच कुणी काही घातलं नाही, आणि मांजरं एकेक करून पिंजऱ्यात येऊ लागली. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पिंजऱ्यावर चादर टाकायची, तो स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवायचा आणि सरकारी पशुचिकित्सालयापर्यंत न्यायचा. चादरीखालून आधी काहीच आवाज येत नसे. मग सिग्नलला थांबलं की नेमका एक खोल, लांबलचक सूर निघे, आणि आजूबाजूचे लोक माझ्या पोटाकडे बघत. एका पांढऱ्या मांजरीने चादरीतून पंजा बाहेर काढून माझी पँट धरली. फाडली नाही, नुसती धरली. पुढचे तीन चौक मी ब्रेक दाबायलाही पाय हलवला नाही.

चिकित्सालयात खिडकीवरच्या कारकुनाकडे फॉर्म भरायचा. फॉर्म मुळात कुत्र्यांचा. मांजरांचा फॉर्म छापायला गेला होता, तो कधीचा गेला होता ते कारकुनालाही सांगता येईना.

"प्राण्याचं नाव?"

"नाव नाही. भटकं मांजर आहे."

"नाव नसेल तर फाइल उघडत नाही."

"मग क्रमांक एक लिहा."

"मालक?"

"मालकही नाही."

"मग तुम्ही कोण?" कारकुनाने वर बघितलं. इतका मूलभूत प्रश्न मला कुणी आजवर विचारला नव्हता. पुढे रकाना होता, प्राण्याशी नातं. मी 'काही नाही' लिहिलं. त्याने फॉर्म परत दिला. मी 'शेजारी' लिहिलं, ते चाललं. त्याखाली भुंकण्याची सवय. मी 'नाही' लिहिलं. कारकून म्हणाला, "नुसतं नाही नको. अद्याप नाही, असं लिहा. उद्या काही झालं तर आमच्यावर नको." अशा दहा मांजरांबद्दल मी लिहून दिलं आहे, की ती माझी शेजारी असून अद्याप भुंकत नाहीत.

मंगळवारपर्यंत दहा कान कापून झाले. राहिला फौजदार. त्याच्यासाठी तीन ठिकाणी पिंजरे लावले. तो पिंजऱ्याशेजारी बसून पाठ चाटत बसायचा. पिंजरेताई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. "दादा, याला कुणीतरी रोज घालतंय. अगदी नेमाने. त्याशिवाय बोका इतका निवांत बसत नाही. शोधून काढा. चार दिवस उरलेत."

मी परत सगळी दारं वाजवली. काकूंनी देवाची शपथ घेतली. दंतवैद्यांनी फ्रिज उघडून दाखवला. अध्यक्षांनी लेखी खुलासा दिला. मला खरोखरच कळेना, कोण इतका निर्लज्ज माणूस असेल.

बुधवारी संध्याकाळी बायको धुण्याला टाकायची माझी पँट घेऊन बाहेर आली. खिसा उलटा केलेला, हातावर पिवळसर भुगा. डबा हातात घेऊन मांजरासमोर उभं राहण्याचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं, म्हणून केक मी जिन्यातच खिशात काढून घ्यायचो.

"अहो, हा कसला भुगा?"

मी भुग्याकडे बघितलं. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन आठवडे मी ज्याला शोधत होतो तो गुन्हेगार मीच होतो. अध्यक्षांना ऐकवलेलं वाक्य मला शब्दशः आठवलं. मी खुर्चीत बसलो आणि बायकोला सगळं सांगितलं. फौजदार, सीट, आठ चाळीस, सहा वर्षं. सांगताना मी पायही वर घेतले होते.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझा केक कधी खाल्लाच नाहीत."

"तू विचारायचीस, मी छान म्हणायचो. त्याला आवडायचा, हे खरं आहे."

"मला वाटलं होतं, तुम्हाला आवडतो म्हणून करते मी." तिने भुगा खिडकीबाहेर झटकला. "आणि सभेत मला केवढा अभिमान वाटला होता. म्हटलं, वरून कोरडा दिसतो हा माणूस, आतून नाही."

या शिक्षेपुढे मांजर परवडलं असतं, असं मला त्या रात्री वाटलं. सकाळी वाटलं नाही, कारण गुरुवारी मला केकशिवाय शेडमध्ये जायचं होतं.

आठ चाळीस. फौजदार सीटवर. माझा खिसा रिकामा. मी सहा पावलांवर थांबलो. हातातला डबा छातीशी धरला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग उतरला आणि सरळ माझ्याकडे चालत आला. पळावं तर पाय जमिनीला चिकटलेले. तो माझ्या पायांशी आला, पोटरीला अंग घासलं, वळून दुसऱ्या बाजूने घासलं, आणि पुन्हा एकदा. मग तो माझ्या बुटावर बसला. त्याचं वजन मला बुटातून कळत होतं, चार किलोच्या आत-बाहेर. इतक्या जवळून मी त्याला कधी बघितला नव्हता. पाठीचे मणके मोजता येत होते. मी डोळे मिटून उभा राहिलो आणि तो उठल्यावर स्कूटर ढकलत नेली. त्या दिवशी एका किराणा दुकानात मी काटा न तपासताच सही केली. दुकानदार माझ्यामागे धावत आला, "साहेब, काही चुकलं का?"

शुक्रवारी सकाळी पिंजरेताईंनी पिंजरा स्कूटरला खेटून लावला. आत बायकोने आदल्या दिवशीच केलेला केक. फौजदार एक दिवसाचा उपाशी, तरी आत जाईना. तो माझ्याकडे बघत उभा.

"तुमच्या हातचीच सवय आहे त्याला," ताई म्हणाल्या. "पिंजऱ्याच्या पलीकडे बसा. गजांतून हात घालून केक धरा. तो तुमच्याकडे बघत येईल."

"हात कुठपर्यंत घालायचा?"

"मनगटापर्यंत. दादा, रविवारी पोती येणार आहेत."

मी मांडी घातली आणि गजांतून केक धरला. हात इतका थरथरत होता की तुकड्याचे दोन झाले. फौजदार दारातून आत आला. एकेक पाऊल टाकत, थेट माझ्या डोळ्यांत बघत. त्याची मिशी माझ्या बोटांना लागली. त्याने केक चाटायला सुरुवात केली, चावायला नाही, चाटायला. मग पुढे सरकला, पाय पट्टीवर पडला आणि मागे दार आदळलं. इतर मांजरांनी या क्षणी पिंजरा डोक्यावर घेतला होता. हा दचकला, मागे वळून दाराकडे बघितलं, आणि परत माझ्याकडे. आवाज काढला नाही. मला अतिशय वाईट वाटलं, इतकं की भीती वाटायची थांबली आहे हे मला नंतर कळलं. सहा वर्षांत मी त्याला फक्त लाच दिली होती. फसवलं पहिल्यांदाच.

चिकित्सालयात डॉक्टर बाईंनी त्याला काट्यावर ठेवलं. "वजनावरून भुलीचं औषध ठरतं," त्या म्हणाल्या आणि आकडा लिहायला पेन उचललं. मी म्हटलं, "थांबा." काट्याचा एक पाय टॉवेलच्या घडीवर होता. पातळी दाखवणारा बुडबुडा पार कडेला गेला होता. मी पिशवीतून दोन किलोचं प्रमाणित वजन काढून ठेवलं. काट्याने पावणेदोन दाखवलं.

आता माझी पंचाईत. नियमाप्रमाणे सदोष काटा मी जागच्या जागी सील करायला हवा. तार आणि शिसं पिशवीत होतंच. सील केला तर सोमवारपर्यंत ऑपरेशन नाही, आणि सोमवार रविवारनंतर येतो. न बोलावं तर औषध चुकणार. शेवटी मी टॉवेल ओढून काढला, चारही पायांचे स्क्रू फिरवून बुडबुडा मध्यावर आणला, मग खोलीबाहेर जाऊन दार वाजवून परत आत आलो आणि रीतसर नवी तपासणी केली. काटा बरोबर निघाला. डॉक्टर बाई माझ्याकडे बघत राहिल्या. फौजदाराचं वजन तीन किलो नऊशे भरलं.

संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावलं. "ऑपरेशन नीट झालं. पण याचं तोंड बघितलंत का कधी?"

"लांबून," मी म्हणालो.

"दोन-तीन दाढा सोडल्या तर दात नाहीत याला. सुळे कधीच गेलेत. हिरड्या सुजलेल्या. हा ना शिकार करू शकत, ना कुणाला चावू शकत. आता औषध दिलंय. पण काय खाऊन जगला इतकी वर्षं? कुणी काही मऊ घालतं का?"

"केक," मी म्हणालो. "रोज. साधाच असतो."

"केक काही मांजराचं खाणं नव्हे. पण त्यानेच तगला असणार." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी भिंतीला टेकलो. म्हणजे पहिल्या दिवशी त्याने माझ्यासमोर तोंड उघडलं होतं ते धमकी म्हणून नव्हतंच बहुतेक. दुखत होतं त्याला. आणि मी सहा वर्षं एका बोळक्या, भुकेल्या म्हाताऱ्याला घाबरून खंडणी देत होतो, आणि त्या खंडणीवर तो जगला होता. यात माझी बाजू कुठली, ते मला तेव्हाही कळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी शेडमध्ये पिंजरा उघडला. फौजदार गोळीसारखा सुटला आणि भिंतीवरून नाहीसा झाला. मागे वळून बघितलं नाही. बघावं तरी का?

रविवारी सकाळी आठ वाजता अध्यक्ष दुर्बीण गळ्यात अडकवून खाली आले. फाटकाशी एक शांत दिसणारा माणूस सायकलला टेकून उभा होता. कॅरिअरवर चार पोती, नीट घडी घातलेली, वर दोरी. आठ वीसपर्यंत दहा कान मोजून झाले.

"अकरावं कुठाय?"

मी चिकित्सालयाचा कागद दाखवला. अध्यक्षांनी तो हातही न लावता वाचला. "यावर नुसतं क्रमांक अकरा लिहिलंय. कुठलंही मांजर असेल. ठरावात कागद नाही, कान लिहिलाय. आणि तुम्हीच म्हणाला होतात, आम्हीच नियम मोडला तर कुणाकडे बघायचं." ते वाक्य ते दोन आठवडे जपून ठेवून होते. "नऊपर्यंत थांबतो."

मी फाटकापाशी गेलो. पोतीवाल्याला विचारलं, "लांब म्हणजे किती लांब नेता हो?"

तो दोरीची गाठ सोडत होता. "मोजलं नाही कधी, साहेब," तो म्हणाला. "परत येत नाहीत, एवढं नक्की."

काकू पायरीवर बसून होत्या, त्यांच्या बाजूला कान कापलेली पांढरी मांजर. मी शेडमध्ये गेलो, हाका मारल्या. फौजदाराला हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं, तेही मला माहीत नव्हतं. बायको वरून खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "अहो, असे लेंग्यात काय फिरताय? तो तुम्हाला ओळखणार कसा? त्याने तुम्हाला कधी रविवारी बघितलंय का?"

मी धावत वर गेलो. ऑफिसची पँट, शर्ट, काळे बूट, खांद्याला पिशवी. बायकोने डबा हातात दिला. केक मी खिशात घातला नाही, हातात घेतला. आठ अडतीसला मी नेहमीच्या चालीने जिना उतरलो. पायरीवर बूट वाजत होते. सगळ्या खिडक्यांत माणसं होती. बावीस वर्षांच्या नोकरीतली माझी सगळी प्रतिष्ठा त्या जिन्यात माझ्याबरोबर उतरत होती आणि खाली पोचेपर्यंत तिचं काही शिल्लक राहील असं मला वाटत नव्हतं.

आठ चाळीस झाले. सीट रिकामी. एक्केचाळीस. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. सहा वर्षं मी रोज प्रार्थना केली होती की तो आज तिथे नसू दे. आता तो नव्हता, आणि मला जी भीती वाटली तशी त्याच्यापुढे कधीच वाटली नव्हती.

मग भिंतीच्या वरून एक राखाडी डोकं दिसलं. फौजदार उतरला, अंग चोरत आला आणि सीटवर चढला. पण बसला तो उजवी बाजू आमच्याकडे करून.

"डावा कान दिसत नाही," अध्यक्ष लांबून म्हणाले. "इथून पुढे आलो तर पळेल तो."

पळेलच. त्याच्याजवळ जाऊ शकेल असा माणूस इमारतीत एकच होता, आणि तो मी नसतो तर बरं झालं असतं. मी सहा पावलं चाललो. केक त्याच्यासमोर सीटवर ठेवला. दुसरा हात उचलला. तो हात कुठून आला मला माहीत नाही, पण माझाच होता. मी तो त्याच्या डोक्यावर ठेवला आणि हळूच मान वळवली. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं होतं.

"अकरा," अध्यक्ष म्हणाले, आणि दुर्बीण डोळ्यांवरून काढायला थोडा वेळ घेतला. फाटकापाशी सायकलचा स्टँड उडाल्याचा आवाज आला.

माझ्या हाताखाली थरथर चालू होती. मला लाज वाटली, म्हटलं एवढे लोक बघताहेत, हात काढून घ्यावा. हात काढला तर तो अगदी स्थिर होता. थरथरत होता फौजदार. कान, पाठ, शेपटीपर्यंत. परवा ज्याने फसवलं त्याच माणसाच्या हाताखाली तो इतका घाबरून बसला होता, आणि तरी आठ चाळीसला आला होता.

मी हात परत ठेवला. वरून बायकोने विचारलं, "अहो, केक खातोय का तो?"

"अजून नाही," मी म्हणालो. "घाबरलाय. थांबतो मी जरा."

रविवार होता. मला कुठे जायचं नव्हतं.